दरडीच्या अलीकडे

तो स्क्रू पुन्हा सैल झाला होता. मागच्या कॅरिअरचा, डाव्या बाजूचा, नखाएवढा... प्रत्येक पॅडलबरोबर किर्र करत वर यायचा आणि पुन्हा खाली बसायचा, आणि मागे वळून न बघताही तो तिला दिसत होता. सकाळी नवऱ्यानं तो पिळून दिला होता. "आता जन्मात हलायचा नाही," असं म्हणाला होता, पूल बांधण्यात हयात गेलेल्या इंजिनिअरच्या त्या ठाम आवाजात. आणि त्याच आवाजात पुढच्या फाट्यावर "डावीकडे" असंही म्हणाला होता, आणि डावीकडचा रस्ता छान उतरत उतरत एका बंद पडलेल्या खाणीच्या फाटकाशी जाऊन संपला होता. जेवढं उतरलो तेवढं पुन्हा चढायचं. तो हसला होता. "बरं झालं, पाय मोकळे झाले!"

पाय मोकळे झाले म्हणे.

वर, दोन वळणं सोडून, त्याचं पिवळं जाकीट दिसत होतं. थांबला होता. थांबतो—हे ती नाकारत नव्हती. प्रत्येक चढाच्या माथ्यावर थांबतो, पाणी पितो, दरी बघतो, श्वास पुरता खाली बसू देतो, आणि ती धापा टाकत पोचली, की तिचा पाय जमिनीला टेकायच्या आत म्हणतो, "आलीस? चला, निघू या." म्हणजे विश्रांती त्याची, आणि वाट बघितल्याचं पुण्यही त्याचंच. बोलायची सोय नाही. बोललं तर, "अगं, तुझ्यासाठीच थांबलो होतो की!" वारा समोरून येत होता, साखळी मधूनच दात सोडत होती, मांड्यांचे दगड झाले होते, आणि डोक्यात एकच वाक्य पॅडलच्या लयीत फिरत होतं... थांबलो होतो की, थांबलो होतो की...

आणि मी आले कशाला? हौस म्हणून? मला तर लॅबच्या जिन्याचा कंटाळा. रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये लावायच्या, आकडे बघायचे, सही करायची, यात माझी उमेदीची वर्षं गेली. ह्यांच्या छातीत दुखलं त्या दुपारी ह्यांची नळीही माझ्याच हातात आली होती. डॉक्टरांचा फोन यायच्या आधी तो आकडा मी पाहिला. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावली. तोच आकडा.

मग हृदयात जाळी बसली. डॉक्टर म्हणाले, थोडी सायकल चालवा. बोट दिलं तर ह्यांनी मनगट धरलं. आधी गल्ली, मग गाव, मग डोंगर. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबांना एकटं सोडू नकोस हं." झालं. पन्नाशी उलटल्यावर ती पुन्हा सायकल शिकली, गुडघे फोडून घेतले, कारण कुठल्या तरी घाटात तो छातीवर हात ठेवून खाली बसला तर शेजारी कुणीतरी हवं. आणि आता बघा. ज्याची राखण करायची तो दोन वळणं पुढे, आणि राखण करणारीच्या तोंडाला फेस.

तिनं मान वर केली. पिवळं जाकीट नव्हतं. या वेळी ती पोचेपर्यंत तो थांबलाही नव्हता.

वळण घेतलं तर समोर दरड. अर्धा डोंगर रस्त्यावर येऊन बसला होता, एक पिवळं यंत्र सोंडेनं दगड उचलून डंपरमध्ये टाकत होतं, आणि अलीकडे एक जाडजूड बाई लाल झेंडा घेऊन उभी होती.

"थांबा ताई. रस्ता बंद केलाय."

"एक सायकलवाले गेले का पुढे? पिवळं जाकीट?"

"गेले की मघाशी. ते गेले अन् मी झेंडा धरला. मी विचारलं त्यांना, मागं कुणी आहे का? तर म्हणाले, आहे, येईल ती तिच्या वेगानं."

तिच्या वेगानं. तिडीक सरळ मस्तकात गेली. तिनं सायकल कठड्याला टेकवली, टेकवली कसली, आपटली, आणि डांबरावर बसली. फोनला रेंज नव्हती. झेंडेवालीनं न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. ती प्यायली. पहिल्यांदा श्वास सावकाश खाली गेला, आणि त्याचाही तिला राग आला.

बऱ्याच वेळानं तो दिसला. दरडीच्या पलीकडे, परत आला होता. माथ्यापर्यंत जाऊन, वाट बघून, चढलेलं सगळं उतरून. तिकडच्या झेंडेवाल्यानं त्याला अडवलं होतं. तो हात हलवत होता, तोंडाशी तळवे धरून काहीतरी ओरडत होता. यंत्राच्या घरघरीत एक अक्षर पोचत नव्हतं.

ती उठली. तिनंही तळवे तोंडाशी धरले.

"ठीक आहे मी!" असं ओरडायचं होतं. पण निघालं ते असं—

"दरवेळी तू बसतोस आणि मी पोचले की निघतोस! तुझा श्वास मोजून मोजून माझा संपलाय! रात्री कूस बदललीस तरी मी जागी असते! कंटाळा आलाय मला, ऐकतोयस? तू मरशील या भीतीचा कंटाळा आलाय!"

पलीकडे त्यानं अंगठा वर केला. मोठ्यानं मान हलवली. समजलं, समजलं.

तिचे हात खाली आले. लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती. 'तू' कुठून आला? इतकी वर्षं कुठे बसला होता?

"त्यांना नाही आलं ऐकू," शेजारून झेंडेवाली शांतपणे म्हणाली. "मला आलं."

झेंडेवालीनं झेंडा दुसऱ्या हातात घेतला.

"अजून सांगायचं असेल तर सांगून घ्या. डंपर भरायचाय अजून."

तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं हातमोज्यानं पुसलं, गालाला ग्रीस लागलं. पलीकडे तो एका दगडावर बसला होता. हेल्मेट काढून. इतक्या लांबून त्याच्या ओठांचा रंग दिसत नव्हता, घाम कसला आहे ते कळत नव्हतं... आणि ती ते शोधतही नव्हती, हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं. केवढं हलकं वाटलं. आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटली—जिन्याची शेवटची पायरी संपली आहे असं समजून पाय टाकावा आणि अजून एक असावी, तशी.

यंत्र थांबलं. झेंडा खाली आला.

"जा ताई. सावकाश."

सायकलवर बसून, चिखलातून, दगडांमधून ती सावकाशच निघाली. तो उठून उभा राहिला, जवळ येत गेला—पांढरी दाढी, हेल्मेटचा एक पट्टा लोंबणारा, चेहऱ्यावर शाळकरी अपराधीपण. बोलायला त्यानं तोंड उघडलं. मघाचं सगळं आता, या शांततेत, हळू आवाजात पुन्हा सांगायला हवं होतं. पुन्हा 'तू' म्हणता येईल का, ते तिला ठाऊक नव्हतं. त्याच्यापाशी थांबायचं की नाही, तेही नव्हतं. पाय मात्र फिरत होते, एकसारखे, आणि त्यांना कुठलीच घाई नव्हती.