लाल ठिपका

वडिलांनी, ईश्वरप्पांनी, दुर्बीण माळ्यावर टाकली, हे सुकन्याला दिवाळीत लातूरला माहेरी गेल्यावर कळलं. ती काही साधी, गळ्यात अडकवायची दुर्बीण नव्हती. तिपाईवर बसवून एका डोळ्यानं बघायचा स्पॉटिंग स्कोप होता तो. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून ईश्वरप्पांची सगळी नोकरी कालव्याच्या कडेनं चालण्यात गेली, आणि तिथंच त्यांना पाखरांचं वेड लागलं. निवृत्तीनंतर पहिली खरेदी केली ती या स्कोपची. आई होती तेव्हा चिडून म्हणायची, "घरी आलेल्या पाव्हण्याला चहा इचारत न्हाईत, आन् तळ्याकाठी बसून परदेशी बदकांची इचारपूस चाललीय."

"अप्पा, वर कशाला टाकला तो?" सुकन्यानं विचारलं.

"नळीचं तोंड लई बारीक हाय गं माय," भिंतीकडं तोंड करून ते म्हणाले. "नुसत्या डोळ्यानं पाखरू दिसतं, पण नळीत घावत न्हाई. घावेपर्यंत उडून जातंय. नुसती कटकट."

अलीकडं ते असेच बोलायचे, नजर चुकवून. तिला वाटायचं, आपण नवरा सोडून आलो ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. त्या एका वर्षात तिनं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी धरली, दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं. त्याच वर्षी ईश्वरप्पांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आली होती. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला सांगितली होती. ती फोनवर न चुकता विचारायची, "इंजेक्शन झालं का, अप्पा?" आणि ते म्हणायचे, "झालं की. डॉक्टर म्हनले, आता काळजी न्हाई." हे ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

दिवाळीहून परतताना तिनं स्कोप सोबत आणला. अप्पांची अडचण तिला पटली होती. स्कोपमधून दिसतं ते लांबचं, पण चिमूटभर. विस्तीर्ण पाण्यात ते चिमूटभर नेमकं कुठं धरायचं हाच घोळ. तिनं शोधाशोध केली तेव्हा कळलं की लोक यावर रेड डॉट लावतात. नेमबाजीच्या बंदुकीवर असते तसली छोटीशी काच, तिच्यात लाल ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका पाखरावर आणायचा, मग वाकून नळीत बघायचं. पाखरू समोर हजर.

तिनं तो मागवला. स्कोपवर तो बसवायला खाचच नव्हती, म्हणून लेथवाल्या सलीमभाईंकडून ॲल्युमिनियमचा पट्टा करून घेतला. पहिला ढिला झाला, दुसऱ्यानं नळीला ओरखडा पडला. तिसरा मात्र आत रबर घालून चपखल बसला. मग रविवारी ती गच्चीवर गेली. लांबच्या मोबाईल टॉवरचं टोक तिनं नळीत मधोमध धरलं, तिपाई आवळली, आणि बारक्या पान्यानं रेड डॉटचे दोन्ही स्क्रू केसाकेसानं फिरवत ठिपका त्याच टोकावर आणला. हात हलला की ठिपका सरकायचा, पुन्हा पहिल्यापासून. उन्हानं डोकं तापलं, पण ती गुणगुणत होती. कितीतरी महिन्यांनी स्वतःचा आवाज तिला असा ऐकू आला. तिथूनच तिनं फोन लावला.

"अप्पा, आता पाखरू सुटायचं नाही तुमच्या हातून. या तुम्ही."

"येतो की," ते म्हणाले.

ते आले. दुसऱ्या दिवशी उजाडताच रिक्षानं दोघं विष्णुपुरी धरणाच्या बॅकवॉटरला गेले. पाणी ओसरून गाळाची पट्टी उघडी पडली होती. सुकन्यानं तिपाई उभी केली, स्टूल मांडलं, आणि अप्पांचा हात धरून रेड डॉटवर ठेवला.

"या काचेतून बघा. दिसला ठिपका?"

"दिसला की. लालभडक हाय."

"पाखरावर न्या त्याला."

ईश्वरप्पांनी मान तिरकी करून थोडा वेळ कानोसा घेतल्यासारखं केलं. मग नळी सावकाश डावीकडं वळवली, वाकले, डोळा लावला. त्यांचा चेहरा उजळला.

"आहाहा! चक्रवाक हाईत, सुकन्या. जोडी हाय. भगव्या अंगाची. मादीचं तोंड पांढुरकं."

सुकन्याला भरून आलं. "नीट दिसतात ना?"

"लई झकास. बरं केलंस माय हे."

ते पाय मोकळे करायला उठले, तशी ती स्टुलावर बसली. आधी तिनं नळीत बघितलं. गाळ होता. गाळात रुतलेली एक फाटकी चप्पल होती. पाखराचं नाव नव्हतं. धक्का लागला असेल, असं म्हणत तिनं नेम धरायला रेड डॉटमध्ये डोळा घातला. काच कोरी होती. तिनं बटण चाचपलं. ते बंदच होतं. सेल उतरू नये म्हणून त्या रविवारी गच्चीवर तिनंच बंद केलं होतं, आणि आज चालू करायचं राहून गेलं होतं.

पाण्यावरून चक्रवाकांचा आवाज आला, कुणी दुरून हाक मारावी तसा. तिनं मान वळवली. उजवीकडं, बऱ्याच लांब, भगव्या अंगाची जोडी पाण्यात उभी होती.

ती उठली, अप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"अप्पा, ठिपका चालूच नव्हता."

ईश्वरप्पांनी तोंड पाण्याकडं वळवलं.

"काहीच दिसत नाही?" तिनं विचारलं.

"कडंकडंनं दिसतं," ते हळूच म्हणाले. "मधी काळा डाग हाय. जिकडं बघावं तिकडं तोच आधी जातो."

"इंजेक्शनं? तुम्ही तर..."

"दोन घेतली. मग डॉक्टर म्हनले, संगं माणूस आणा, एकट्याला सोडत न्हाई. तुझं तवा कोर्टाचं चालू होतं. रडून रडून तुझा आवाज बसलेला असायचा फोनवर. तुला कुठं बोलवू?"

"मी आले असते ना, अप्पा!"

"आली असतीस. म्हनून तर सांगितलं न्हाई."

ती तिथंच ओल्या मातीत बसली आणि लहान पोरीसारखी रडली. ईश्वरप्पांनी चाचपत तिचं डोकं शोधलं. "उगी माय," म्हणाले. "त्या दिवशी तू फोनवर हासत होतीस. मला न्हाई म्हनवलं न्हाई."

दुपारी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून तपासलं, पडद्याचा फोटो काढला. मधल्या भागात वण धरला होता. वेळेवर इंजेक्शनं झाली असती तर बरंच राहिलं असतं, असं ते म्हणाले. कडेची नजर राहील, गेलेलं मात्र परत येणार नाही. ईश्वरप्पा मान डोलावत होते. त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखं.

तिनं त्यांना नांदेडलाच राहायचा आग्रह केला. आठवडाभर ते राहिलेही. पण परक्या घरात दाराला, खाटेला अडखळायचे, आणि अडखळले की ओशाळे व्हायचे. शेवटी म्हणाले, "मला लातूरला सोड. तिथं भिंती वळखीच्या हाईत." मलाच लातूरला बदली मिळते का बघते, असं सांगून ती त्यांना पोचवायला गेली.

लातूरच्या घरात शिरल्या शिरल्या त्यांची चाल बदलली. सरळ स्वयंपाकघरात गेले. "तू बस. चहा मी करतो," म्हणाले. ती दारात उभी राहून बघत राहिली. त्यांनी डब्यावरून बोट फिरवत साखरेचा डबा ओळखला. गॅस पेटवताना चेहरा बाजूला वळवून ज्योत कडेनं पाहिली. कपात चहा ओतताना उजव्या हाताचं बोट कपात घातलं, आणि गरम चहा बोटाला टेकला तसं ओतणं थांबवलं. बोटाच्या टोकाची कातडी जुन्या चटक्यांनी राठ झाली होती. इतके दिवस ती या घरात येत-जात होती, आणि दर वेळी चहा तीच करायची.

कप तिच्या हातात देऊन ते समोर बसले आणि तोंड भिंतीकडं वळवलं. आता तिला कळलं. भिंतीकडं बघितलं तरच ती त्यांच्या नजरेच्या कडेला येत होती.

"सुकन्या, केस पांढरे झाले का गं तुझे?"

"झालेत, अप्पा. कानापाशी."

"तुझ्या आईचेबी तिथंच झाले होते आधी," ते म्हणाले. "थंड व्हायच्या आत पी."

तिनं कप तोंडाला लावला. थंड व्हायच्या आत सगळा चहा प्याली.