सोमारीला घरी आणताना

मी लालसूची जीप बोलतेय. धानोऱ्याजवळ रस्त्याच्या कडेला, लालसूच्या घरासमोरच्या मोहाखाली उभी आहे बघा, तीच. पुढची काच नाही, बॉनेटला खोल पोचे आहेत. येणारे-जाणारे म्हणतात, रानडुकराने धडक दिली असेल. नाही हो. रानातल्या जनावराने माझ्या अंगावर ओरखडासुद्धा काढला नाही. जे केलं ते माणसांनी.

माझा पहिला मालक एक कंत्राटदार होता. तेंदूपत्त्याची पोती आणि माणसं तो माझ्यात सारखीच कोंबायचा. मी पार खिळखिळी झाले तेव्हा लालसूने मला घेतलं, दुरुस्त केलं आणि गडचिरोलीच्या रस्त्यावर सवाऱ्या नेऊ लागला. बाप्तिस्म्याचं त्याचं नाव लॉरेन्स, पण त्या नावाने त्याला फक्त चर्चचे फादर हाक मारत. बायको रिना आश्रमशाळेत स्वयंपाक करायची. दोनदा तिला कळा सुरू झाल्यावर मीच दवाखान्यात नेलं आणि दोन्हीदा मीच तिला रिकाम्या हातांनी परत आणलं.

दत्तक घेण्याचं फादरांनी सुचवलं. ते म्हणाले, "पूर्वी आपल्या ख्रिस्ती लोकांनी मूल घेतलं तरी कायद्याने नुसतं पालक म्हणून राहावं लागायचं. आता तसं नाही. मूल तुमचंच, पोटच्यासारखं."

मग सुरू झाल्या चकरा. संगणकावर नाव नोंदवलं, डॉक्टरांचे दाखले आणले. मयुरी मॅडम नावाच्या समाजसेविका घर बघायला आल्या. चूल पाहिली, विहीर पाहिली, दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "मूल मोठं झाल्यावर त्याला सांगाल, की तू दत्तक आहेस?"

"सांगू ना," रिना म्हणाली. "लपवाचं कायले? चोरून थोडीच आणून राह्यलो?"

त्यानंतर नुसती वाट पाहणं. मोह कितीदा फुलला आणि झडला. एकदाचा फोन आला. शहरातल्या बालगृहात एक लहान मुलगी होती, सोमारी. कलेक्टरांचा शेवटचा आदेश यायचा होता, पण तोवर सांभाळायला म्हणून मुलगी दोघांच्या ताब्यात दिली.

येताना ती रडत होती. बालगृहातल्या मावशीखेरीज तिने कुणाला ओळखलंच नव्हतं. वाटेत एका गावाचा आठवडी बाजार भरला होता. पोरीला केळं द्यावं म्हणून लालसूने मला थांबवलं.

त्या दिवसांत मोबाइलवर एक अफवा फिरत होती, पोरं पळवणारी टोळी आली म्हणून. सोमाजी नावाचा एक माणूस खिडकीशी वाकला.

"काऊन रडून राह्यली हे पोरगी?"

"नवीन हाय ना भाऊ, म्हणून," रिना म्हणाली.

"पोरगी नवीन कशी असते?" त्याने सोमारीलाच विचारलं, "हे तुही माय होय काय?"

सोमारीने मान हलवली. "नाई. मले मावशी पाह्यजे."

तेवढं पुरलं. सोमाजी ओरडला, "धरा! पोरं चोरणारे हायेत!"

पहिला दगड माझ्या काचेतून आत आला. लालसूला कॉलर धरून बाहेर ओढलं. "कागद हायेत! मॅडमले फोन लावा!" तो ओरडत होता. कागद कुणाला वाचायचे होते? कुणीतरी बैलबंडीच्या कडेची उभारी, तो जाड दांडा, उपटून आणली. लालसूने तोंड वाचवायला उजवा हात वर केला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळली काटकी मोडावी तसा. तो पडला, तरी लाथा थांबल्या नाहीत. मारणाऱ्यांत भाजीवाले होते, पिशवीत पोरांसाठी चिवडा घेतलेले बाप होते. मागच्यांना तर काय झालंय तेही ठाऊक नव्हतं, त्यांना फक्त पुढे घुसून एक फटका मारायचा होता.

रिनाने सोमारीला सीटखाली ढकललं आणि स्वतः वर पालथी पडली. खिडक्यांतून काठ्या आत येत होत्या, तिच्या पाठीवर, बरगड्यांवर पडत होत्या. ती हलली नाही. केस धरून ओढलं तेव्हा केस तुटले, पण ती सुटली नाही.

"पेटवा गाडी!" कुणीतरी ओरडलं. माझ्या टाकीचं झाकण उघडलं. डिझेलमध्ये बुचकळलेली चिंधी मला दिसली.

तेवढ्यात बांगड्यांचं दुकान तसंच टाकून एक म्हातारी गर्दीत घुसली. धुरपताबाई. ती येऊन माझ्या दारातच बसली. "पेटवता? आन् आत पोरगी हाय ना रे! पोरगी वाचवाले आले का जाळाले?"

चिंधीवाला हात थांबला. पोलीस येईपर्यंत म्हातारी दारातून उठली नाही. तिच्याही कपाळातून रक्त येत होतं.

सोमारीला काही लागलं नव्हतं. पण चौकशी होईपर्यंत तिला बालगृहात परत नेलं. रिनाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. लालसूच्या हातात सळई बसवली, बोटं मात्र मिटेनात. त्याला गाडी चालवणं जमेना. मला ट्रॅक्टरला बांधून इथे आणून सोडलं.

सोमाजी जामिनावर सुटल्याचं कळलं त्या दुपारी लालसूने माझ्या सीटमागची, चाक खोलायची लोखंडी टॉमी डाव्या हातात घेतली.

"कुठी चालले?" रिनाने विचारलं.

"त्याचा हात मोडाले. फकस्त हात."

ती त्याच्या आडवी आली. "जा. पन मंग सोमारी येत नाई आपल्या घरी. मारक्या बापाले कोन देन पोरगी?"

त्याने टॉमी उगारली. डोळे असे झाले होते, की ती रिनाच्या डोक्यात बसणार असं मला वाटलं. ती डोळे मिटून तशीच उभी राहिली. आणि टॉमी माझ्यावर पडली. एक, दुसरा, मग सारखे घाव. पत्रा फाटला, दिवे फुटले. त्या बाजारातल्या प्रत्येकाला तो माझ्या अंगावर मारत होता. दम संपल्यावर माझ्या चाकाशी बसून तो ओक्साबोक्शी रडला.

पुढे मयुरी मॅडम पुन्हा घर बघायला आल्या. माझे पोचे बघून म्हणाल्या, "किती मारलं हो लोकांनी!"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. रिनाने लालसूकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे लोकायनं नाई केलं मॅडम. यायनं केलं."

मॅडमनी फाटक्या पत्र्यावरून हात फिरवला. मग लालसूला म्हणाल्या, "उद्या पोरीचा राग आला, तर?"

लालसूने न मिटणारा हात पुढे केला. "मार कसा लागते, हे मले ठाऊक हाय मॅडम. तिले नाई लागू देनार."

मॅडमनी काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण उन्हाळा सरता सरता सोमारी परत आली, आणि नंतर कलेक्टरांचा आदेशही आला. लालसू कोर्टात उभा राहून सोमाजीविरुद्ध साक्ष देऊन आला. खटला अजून चालू आहे. रिना अजून बाजारात पोरीला नेत नाही.

माझं म्हणाल तर भंगारवाला बोलून गेलाय, आज-उद्या मला कापतील. जाता जाता एवढंच सांगते. अनोळखी माणसाच्या कडेवर रडणारं मूल दिसलं, तर जरूर विचारा. विचारायलाच हवं. फक्त उत्तर ऐकून घ्यायला थांबा.

आज सकाळी सोमारी माझ्या पायरीवरून घसरली. गुडघा फुटला. तिने असा गळा काढला, की रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. रिना घाबरून धावली, पोरीच्या तोंडावर हात ठेवू लागली, "चूप बाई, चूप, लोक पाहून राह्यले."

लालसूने डाव्या हाताने पोरीला उचलून घेतलं.

"रडू दे वो," तो म्हणाला. "आपल्या घरी रडून राह्यली ते."