'अपरोक्ष' लिहिलेला फळा

मित्रांनो, जिन्याच्या वळणावर, एका कोपऱ्याचा टवका उडालेला जो काळपट चौकोन तुम्ही रोज ओलांडून जाता, तो मी. मी एक जुना लाकडी फळा आहे.

एका सुताराने वाळलेल्या फळ्या जोडून मला घडवले आणि काळ्या रंगाचे हात दिले. आधी मी गणिताच्या वर्गात होतो. तिथे भागाकारांनी माझे अंग खरवडून निघाले. पुढे वर्गात गुळगुळीत पांढरा फळा आला. माझी रवानगी अडगळीत होणार, इतक्यात भाषेच्या बाई शिपायाला म्हणाल्या, "अहो, टाकताय कशाला? जिन्यापाशी लावा. येता-जाता पोरं चार गोष्टी शिकतील."

तेव्हापासून माझे नशीब उघडले. रोज सकाळी बाई माझ्यावर काहीतरी नवे लिहीत. 'चावी' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेत आला. शंभर वर्षांचे म्हणतात ते युद्ध एकशे सोळा वर्षे चालले. ऑक्टोपसला तीन हृदये असतात.

"तीन? मग डॉक्टर नळी लावणार कुठे?" एखादा विचारायचा आणि सगळा जिना हसायचा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

त्या मुलांत एक बारकी होती. अंगाने काडी, पण शब्दांची भारी हौस. तिचे आजोबा चष्मे दुरुस्त करायचे. शाळा सुटली की ती त्यांच्या दुकानात बसायची. काचा पुसता पुसता ते तिला एखादा शब्द उलगडून सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी ती तो माझ्यासमोर उभी राहून मैत्रिणींना ऐकवायची.

एकदा तिने निबंधात लिहिले, 'दादाने माझ्या अपरोक्ष चूक कबूल केली, मी स्वतः ऐकले.' बाईंना वाचून हसू आले. सकाळी काय लिहावे ते सुचत नव्हते, घंटा व्हायला आली होती. त्यांनी घाईघाईत माझ्यावर लिहिले: 'आजची गंमत. अपरोक्ष म्हणजे माघारी. मग माघारी बोललेले हिने ऐकले कसे? जाताना कान घरीच विसरली होती की काय!'

नाव लिहिले नव्हते. पण निबंध वर्गात वाचून दाखवलेला, त्यामुळे सगळ्यांना कळले. पोटे धरून हसली मुले. हसणे ऐकून मीही फुशारलो, हे सांगायला आज लाज वाटते. बारकी मात्र भिंतीला धरून जिना उतरली. मागून कोणीतरी ओरडले, "ए, कान-घरी!" तेच तिचे नाव पडले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवे काही लिहिण्याआधीच तिचे आजोबा आले. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी सगळे वाचले. बाई आल्या, तसे हात जोडून म्हणाले, "बाई, पोरीची काही चूक नाही. तो शब्द मीच तिला शिकवला होता. कधीतरी ऐकलेला, चुकला असेल. आता नाही शिकवणार तिला काही."

"असू द्या हो, होतं असं कधी कधी," बाई म्हणाल्या.

आजोबा गेले. पण बाईंच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली. दुपारी त्या जाडजूड शब्दकोश घेऊन जिन्यावरच आल्या. माझ्याकडे पाहत त्यांनी पान उघडले. परोक्ष म्हणजे डोळ्यांच्या पलीकडचे. अपरोक्ष म्हणजे तसे नसलेले, डोळ्यांसमोरचे. लोकांच्या तोंडी अर्थ उलटा होऊन बसला होता. बारकीचे वाक्य बरोबर होते. तो म्हातारा माणूस बरोबर असून माफी मागून गेला होता.

बाईंनी शब्दकोश पायरीवर ठेवला. मग पदरानेच त्यांनी मला खसाखसा पुसले.

त्यानंतर कित्येक दिवस मी कोरा राहिलो. "बाई, आजही काही नाही?" शिपाई विचारायचा. "सुचत नाही हो," बाई म्हणायच्या आणि खाली मान घालून जायच्या. सुचत होते त्यांना. धीर होत नव्हता. माझ्यावर धूळ बसली, आणि ती मला रास्तच वाटली.

शेवटी एका सकाळी, सगळी मुले जिना चढत असताना, त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले: 'अपरोक्ष म्हणजे मुळात डोळ्यांसमोर. मुलीचे वाक्य बरोबर होते. चूक माझी. तिची आणि तिच्या आजोबांची मी माफी मागते.'

मुलांनी थांबून ते वाचले. बाईंनी बारकीला जवळ घेतले. "आजोबांना सांगशील?"

"तुम्हीच सांगा ना, बाई. माझं ऐकत नाहीत ते. शब्द काढला की म्हणतात, बाईंना विचार."

शाळा सुटल्यावर बाई तिचा हात धरून दुकानाकडे गेल्या. तिथे काय झाले, ते मला दुसऱ्या दिवशी बारकीच्या तोंडून कळले.

"बाई रडल्या," ती मैत्रिणीला सांगत होती. "आजोबांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, आलात ना, झालं मग."

"मग आता शिकवतात का परत?"

"शिकवतात. पण प्रत्येक शब्दानंतर म्हणतात, एकदा बघून घे हो कुठेतरी."

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी ते ऐकले. त्यांच्या हातातला खडू मोडला.

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे, अक्षरे नीट उमटत नाहीत. तरी एक मागणे आहे. माझ्यावर काहीही लिहा, पण आधी पडताळून पाहा, आणि कुणाच्या चुकीची गंमत करू नका. मला पुसायला ओले फडके पुरते. आजोबांच्या मनात शिरलेली ती शंका बाईंना अजून पुसता आलेली नाही, आणि मलाही नाही.