शनिवारची समई

फोन वाजला तेव्हा कृष्णातच्या चिमट्यात मूस होती आणि मुशीत गिऱ्हाइकाचं सोनं वितळलेलं होतं. अशा वेळी गलाईवाला फोन उचलत नाही. त्याने हात हलू न देता सोनं साच्यात ओतलं, मूस खाली ठेवली. तोवर फोन थांबून पुन्हा वाजू लागला होता.

"कृष्णातराव, मी सुखदा बोलतेय, शाळेतून. कल्पनाताई प्रार्थनेच्या वेळी पडल्या. तुम्ही लगेच या."

"पडल्या म्हणजे? पाय घसरला?"

"तुम्ही या," मुख्याध्यापिका सुखदाबाई म्हणाल्या.

करोल बागेतल्या त्या गल्लीपासून शाळा हाकेच्या अंतरावर होती. तो एप्रन न काढता निघाला. खानापूर-आटपाडीकडून सोनं गाळायच्या धंद्यासाठी दिल्लीत आलेल्या मराठी माणसांनी मंडळ काढून ही शाळा बांधली होती. पुढे सरकारी अनुदान मिळालं आणि गल्लीतल्या सगळ्यांचीच मुलं तिथे शिकू लागली. मराठी गलाईवाल्यांची, बंगाली कारिगरांची, बिहारी हमालांची. त्याची बायको कल्पना तिथे चौथीला शिकवायची.

तो पोहोचला तेव्हा तिला रुग्णवाहिकेतून नेलं होतं. हॉल रिकामा होता. स्टेजवर सरस्वतीची तसबीर, तिच्यापुढे समई. समईत तेल-वात होती, पण ती पेटलेली नव्हती. शेजारी चौथीतली रिंकू काड्यापेटी घेऊन उभी होती. तिला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं, म्हणून ती बसली नव्हती.

"मॅडम को ले गए," ती म्हणाली. "अंकल, मैं जाऊँ?"

"थांब," तो म्हणाला. काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तो तसाच बाहेर पळाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. दाखल करायच्या आधीच सगळं संपलं होतं. त्याने डॉक्टरांना विचारलं, "आता भेटायला कधी सोडणार?" डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याला कळलं.

रात्री वॉचमनने सांगितलं, ती पोरगी शाळा सुटेपर्यंत समईजवळ उभी होती. कुणी विचारलं की म्हणायची, अंकलने रुकने को बोला है.

*

दुकान बंद झालं. सुतकात भट्टी पेटवायची नाही, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. घरातल्या देवांपुढे अंधार होता. कल्पनाला जिथे ठेवलं होतं तिथे दक्षिणेकडे तोंड करून एक पणती तेवढी जळत होती.

मुलगी शिवांजली गुडगावहून आली होती. एका कंपनीत होती. दिल्लीतच वाढलेली.

"बाबा, देवांचा दिवा मी लावू?"

"नाही. आपल्याला सुतक आहे. बाहेरच्या कुणीतरी लावायचा."

"मग जयंतकाकांना सांगू?"

"त्यांना पण सुतक आहे. भावकी आहे आपली."

"भावकी म्हणजे? सगळे कझिन्स?"

"एका कुळातली घरं. मंडळातले झाडून सगळे आपल्याच भावकीतले आहेत. दहा दिवस कुणीच दिव्याला हात लावायचा नाही."

शिवांजलीला हे पटलं नव्हतं, पण ते वाद घालायचे दिवस नव्हते.

संध्याकाळी जयंतअण्णा आले. मंडळाचे अध्यक्ष, कृष्णातचे चुलतभाऊ. तीस वर्षांपूर्वी कृष्णातला गावाहून दिल्लीत त्यांनीच आणलं, धंदा त्यांनीच शिकवला, आजही त्याच्याकडे येणारं निम्मं काम त्यांच्या ओळखीचं होतं. सतरंजीवर बसून ते थोडा वेळ रडले. खरंच रडले. कल्पना त्यांच्या घरात धाकटी भावजय म्हणून वावरली होती.

मग डोळे पुसून म्हणाले, "कृष्णा, हॉलला तिचं नाव द्यायचं ठरवलंय. 'कल्पना सभागृह'. संगमरवरी पाटी बनवायला टाकली. शनिवारी शोकसभा घेऊ. कोपर्निकस मार्गावरून आपल्या राज्याच्या सदनातले मोठे साहेब येतायत, त्यांना तोच दिवस मोकळा आहे. समई त्यांच्या हातनं लावू, पाटीवरचा कपडा तू काढ."

कृष्णातचे डोळे भरून आले. "अण्णा, फार केलंत."

"एक काम आहे फक्त." जयंतअण्णांनी आवाज खाली घेतला. "ते शनिवारचं बंद करायचंय."

शनिवारचं म्हणजे काय, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. मूल्यशिक्षणाचा तास कल्पनाकडे होता. दर शनिवारी प्रार्थनेला एका मुलाने समई लावायची आणि आपल्या घरी जे म्हणतात ते म्हणायचं. मराठी पोरं शुभंकरोती म्हणायची, कुणी शीख पोर अरदास म्हणायचं, एकाने तर आजी झोपताना म्हणते ते भोजपुरी गाणंच म्हटलं होतं. हजेरीच्या क्रमाने नंबर यायचा. तो कुणासाठी मागेपुढे व्हायचा नाही. एकदा पाहुणे येणार म्हणून जयंतअण्णांनी आपल्या नातवाला, राजवर्धनला, पुढे घ्यायला सांगितलं होतं. कल्पना म्हणाली होती, "अण्णा, नंबर आला की त्यालाही लावू दे. तोवर शिकू दे की वाट बघायला." अण्णा तेव्हा हसले होते. विसरले मात्र नव्हते.

"बंद का?" कृष्णातने विचारलं.

"शनिवारच्या प्रार्थनेचा व्हिडिओ फिरतोय ग्रुपवर. त्या दिवशी राहिलेला नंबर मनिरुल शेखच्या पोरीचा, रिंकूचा, हे पण कुणीतरी लिहिलंय. सरस्वतीपुढं ती काय म्हणणार, असं विचारतायत. दोघं पालक तर पोरं शाळेतनं काढून घेतो म्हणाले. उद्या बाहेरची चार टाळकी गेटवर येऊन उभी राहिली तर? माझ्या अंगावर तीनशे पोरांची जबाबदारी आहे यार. मी वाईट माणूस आहे का?"

"नाही अण्णा."

"मग शनिवारी एवढंच बोल. हा उपक्रम कल्पनाचा होता, तिच्याबरोबर संपला. तू बोललास तर कुणाला वाईट वाटणार नाही. मी बोललो तर राजकारण होईल."

कृष्णात पणतीकडे बघत राहिला. तो देवाधर्माचा माणूस होता. मंगळवारचा उपास चुकवत नव्हता, भट्टीला फूल वाहिल्याशिवाय काम सुरू करत नव्हता. शनिवारचा हा प्रकार त्याला समजलाच होता असंही नाही. एकदा जेवताना त्याने विचारलं होतं, कशाला गं हे? ती ताटात भात वाढत म्हणाली होती, "पोरांना घरातल्या देवाची बाहेर लाज वाटायला नको. आणि दुसऱ्याच्या देवाची भीती." मग म्हणाली, "आमटी घ्या, गार होतेय."

"बघतो," तो जयंतअण्णांना म्हणाला.

"बघतो काय, चलो, ठरलं," म्हणत अण्णा उठले.

ते गेल्यावर शिवांजली म्हणाली, "बाबा, बोलून टाका ना. आईचं नाव तरी लागेल. नाहीतर काय उरणार तिचं इथे?"

दुसऱ्या दिवशी मनिरुल जिना चढून आला. दागिन्यांत खडे बसवायचं काम करायचा. रिंकू त्याच्या मागे होती. तो चप्पल काढून दारातच उभा राहिला.

"कृष्णातभाई, बच्ची पूछती है उसका नंबर है कि गया. मॅडम ने घर आके हमसे पूछा था, रिंकू दीया जलाएगी, आपको चलेगा? हमने बोला, इल्म का, पढ़ाई का घर है, चलेगा. पर आप बोलो तो हम उसको घर पे रख लेंगे. झमेला नहीं चाहिए."

रिंकू वडिलांच्या आडून बघत होती. "मैंने याद कर लिया है," ती म्हणाली. मग कृष्णातला समजावं म्हणून मराठीत म्हणाली, "दादी म्हणते ते. छोटं आहे."

कृष्णातने तिला खडीसाखर दिली. नंबर आहे की गेला, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

*

शनिवारी हॉल भरला. सगळी भावकी आली होती, शिक्षक होते, मुलं खाली बसली होती. भिंतीवर पाटी लागली होती, तिच्यावर पांढरा कपडा. स्टेजवर सरस्वती, तिच्याशेजारी कल्पनाचा फोटो, दोन्हींच्या मध्ये समई. मनिरुल मागच्या दाराशी उभा होता. रिंकू चौथीच्या रांगेत होती, वेणीला नवी रिबन.

वेळ झाली तरी साहेब आले नाहीत. जयंतअण्णा फोन घेऊन बाहेर गेले आणि परत आले ते घाम पुसत.

"साहेब मीटिंगमध्ये अडकलेत. येणं होत नाही म्हणाले. चला, सुरू करू." त्यांनी काड्यापेटी उचलली.

"अण्णा," मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "सुतक आहे."

जयंतअण्णांचा हात थांबला. तारीख ठरवताना हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. समई साहेब लावणार म्हणून कुणी विचार केला नव्हता. त्यांनी खजिनदाराकडे पाहिलं. खजिनदार भावकीतले. सेक्रेटरी भावकीतले. पहिल्या रांगेत बसलेला प्रत्येक माणूस एकाच कुळातला होता.

"मग सुखदाबाई लावतील," अण्णा म्हणाले. "या बाई."

सुखदाबाई पुण्याच्या, परक्या कुळातल्या. त्या उठल्या, काड्यापेटी हातात घेतली. एक काडी बाहेर काढली. मग त्यांनी कृष्णातकडे पाहिलं.

कृष्णात उभा राहिला. बोलायची त्याला सवय नव्हती. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो बोलला.

"अण्णांनी मला सांगितलंय काय बोलायचं ते. की हे शनिवारचं कल्पनाचं होतं आणि तिच्याबरोबर संपलं." तो थांबला. "मला काही तिच्यासारखं समजत नाही. मी सुतक पाळणारा माणूस आहे. माझ्या घरी देवापुढं दिवा नाही. बाहेरच्या माणसाने लावावा, असं आपलाच धर्म सांगतो. आज इथं बाहेरचं कोण आहे, ते बघा. आणि नंबर कुणाचा आहे, ते चौथीच्या कुठल्याही पोराला विचारा."

"रिंकूचा!" राजवर्धन बसल्या जागेवरून ओरडला. त्याच्या आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो मान खाली घालून बसला.

"कृष्णा, बस खाली," जयंतअण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "बघ, लोक मोबाईल काढतायत. पोरीला मध्ये घालू नको. तिलाच त्रास होईल."

हे खरं होतं. तीन-चार हात मोबाईल धरून वर झाले होते. मनिरुल दारातून दोन पावलं आत आला होता. कृष्णातला वाटलं, आपण बोललो ते चुकलं का? कल्पना असती तर तिने काय केलं असतं?

"बाई, लावा तुम्ही," अण्णा म्हणाले.

सुखदाबाईंनी काडी पुन्हा पेटीत घातली. पेटी समईशेजारी ठेवली. "माझा नंबर नाही, अध्यक्ष," त्या म्हणाल्या. शाळेतली नोकरी मंडळाच्या हातात होती, हे त्यांना ठाऊक होतं. त्या जागेवर जाऊन बसल्या.

मग कुणीच उठलं नाही. रिंकू अर्धवट उठली होती, गुडघ्यावर. ती कृष्णातकडे बघत होती. त्याने 'ये' म्हणायला हवं होतं. त्याने वर धरलेले मोबाईल पाहिले, मनिरुलचा चेहरा पाहिला, आणि त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. मनिरुलने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती खाली बसली.

शोकसभा तशीच झाली. दोघंतिघं बोलले, कल्पना किती मनमिळाऊ होती ते. शेवटी जयंतअण्णा म्हणाले, "कृष्णात, ये. पाटीचं उद्घाटन कर."

तो पाटीपाशी गेला. कपड्याला एक दोरी होती. ओढली की झालं. शिवांजली पहिल्या रांगेतून बघत होती. तिचे डोळे भरले होते.

"हे नंतर," तो म्हणाला.

"नंतर म्हणजे कधी?"

"समई लागल्यावर."

जयंतअण्णांचा चेहरा रागावलेला नव्हता, थकलेला होता. त्यांनी हात जोडून लोकांचे आभार मानले आणि सभा संपवली. जाताना ते कृष्णातच्या शेजारून गेले, त्याच्याकडे न बघता. यापुढे त्यांच्याकडचं काम येणार नाही, हे कृष्णातला कळलं.

हॉल रिकामा झाला. शिवांजलीने कल्पनाचा फोटो उचलून छातीशी धरला. "चला बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

दाराशी रिंकू वडिलांचा हात धरून उभी होती.

"अंकल, मैं जाऊँ?"

या वेळी त्याला शब्द नीट सुचले. "जा. नंबर तुझाच आहे."

सुतक फिटलं. कृष्णातने घरी देवापुढे दिवा लावला, दुकान उघडलं, भट्टीला फूल वाहिलं. शाळेत शनिवार येतात आणि जातात. मंडळाने काही ठरवलेलं नाही, बंद असंही कुणी म्हटलेलं नाही. पाटीवरचा कपडा तसाच आहे. समईतलं तेल सुखदाबाई दर शनिवारी बदलतात. रिंकूने लावायची समई लावायची राहिली आहे.