आडवी पेनं

"सांगायचं नाही!" कोडेबाई खेकसल्या, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने जिभेच्या टोकावर आलेलं उत्तर गिळलं. "सुचलं ना? मग पेन आडवं ठेव आणि गप्प बस."

फळ्यावर टेकडी काढलेली होती. एक माणूस पहाटे निघून संध्याकाळी माथ्यावर पोचतो. दुसऱ्या पहाटे तो त्याच वाटेने उतरू लागतो आणि संध्याकाळी पायथ्याशी येतो. दोन्ही दिवशी तो नेमक्या त्याच वेळी जिथे होता, अशी एखादी जागा वाटेत असेलच का?

गणिताच्या दुसऱ्या वर्षाला शनिवारचा शेवटचा तास कोड्यांचा. कायदा एकच. ज्याला सुचेल त्याने पेन बाकावर आडवं ठेवायचं, शेवटचं पेन आडवं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि मग आधी बोलायचं ते त्या शेवटच्यानेच. हा शेवटचा बहुधा ठरलेला असे. मागच्या बाकावरचा, ज्याला सगळे गोगलगाय म्हणत. पहिल्या वर्षी फळ्यापाशी बोलावलं की तो जागेवरूनच "येत नाही" म्हणायचा.

बाई वर्षानुवर्षं हंगामी. "वहिनी, कोड्यांनी पोट भरतं का हो?" नणंद विचारायची. बाई हसून सोडून देत. बाकीचे तास त्या पाट्या टाकत. जगत त्या या एका तासाला.

अखेर गोगलगायीचं पेन आडवं झालं. "मॅडम, एकाच दिवशी दोन माणसं धरली तर? एक चढतोय, एक उतरतोय. वाटेत गाठ पडणारच की!"

वर्गाने बाक बडवले. तेवढ्यात दारात विभागप्रमुख उभे राहिले. मुलं त्यांना टक्केसाहेब म्हणत. यंदा निकाल घसरला होता आणि त्यांना कुणाची तरी मान हवीच होती.

"हा तास ठेवायचा की बंद करायचा, ते आज ठरवतो. तुम्ही बोलू नका बाई, मुलांना बोलू द्या." ते वर्गाकडे वळले. "या कोड्यांनी तुम्हाला काय मिळालं? सांगा, कुणीही सांगा."

पहिल्या बाकावरच्या मुलीने पेन आडवं ठेवलं. मग तिच्या शेजारणीने. मग ओळीच्या ओळी. हा प्रश्न बाईंचा नव्हे आणि हा माणूस थांबणाऱ्यातला नव्हे, हे बहुतेकांच्या डोक्यात शिरलं नाही. एक जण उठू लागला, तर शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसून मागे खूण केली. मागे गोगलगाय अजून पेन हातात धरून विचार करत होता. सवय हाडीमाशी खिळलेली, आणि ती लावली होती बाईंनीच.

"सर, मुलं गप्प आहेत कारण—" बाई पुढे झाल्या.

"सारवासारव नको. मिठाची गुळणी धरून बसलेत सगळे. पुढच्या शनिवारपासून जुने पेपर सोडवून घ्या."

दार लागलं. जिन्यावरून बुटांचा आवाज खाली गेला. मग मागच्या बाकावर पेन टेकल्याचा आवाज आला.

"मॅडम, आता सांगू?"

बाईंनी मान डोलावली.

"आधी काही आलं नाही ना, की वाटायचं, आपण ढ. आता नाही आलं तरी भीती नाही वाटत. थोडं बसून राहिलं की सुचतं, एवढं कळलंय."

बाईंना संताप आला. साहेबांचा, या शहाण्या मुलांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या कायद्याचा. "बरोबर," एवढंच त्या म्हणाल्या आणि तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"सर, आता त्यांना बोलायचंय."

"आता? वरातीमागून घोडं," कागदातून मान वर न काढता साहेब म्हणाले.

पुढच्या शनिवारी बाईंनी छापील उत्तरं फळ्यावर उतरवली आणि मुलांनी ती वहीत. विचार करायला कुणी थांबलं नाही, मध्येच कुणाचं पेन आडवं झालं नाही. गोगलगायीचंही सगळ्यांच्या बरोबरच लिहून झालं.