काचवाल्याच्या छातीतली गुठळी

मी रक्ताची गुठळी बोलतेय. आकाराने तांदळाच्या दाण्याएवढी. एका काचवाल्याच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत माझा मुक्काम आहे. दवाखान्यात औषध सुरू झालंय आणि मी विरघळू लागलेय, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही.

आमचं खानदान कामसू. कुठे कापलं की धावायचं, भोक बुजवायचं आणि खपली धरेपर्यंत जागचं हलायचं नाही. विचार करणं आमच्याकडे नाही. काचवाल्याच्या बोटांवर तर आम्हाला उसंतच नसायची. त्याच्या दुकानात एक रीत पडली होती. काच कापताना दोघांना लागलं, तर ज्याचं रक्त आधी थांबेल त्याने मोठी काच उचलायची. हा मान कायम त्याचाच. ओठात सिगारेट धरून तो अंगठा पुसून दाखवायचा.

त्याचा मेहुणा तिथेच कामाला होता. तो सिगारेट ओढत नसे आणि त्याचं बोट जरा जास्त वेळ वाहायचं. यावरून काचवाल्याने ठरवून टाकलं की धुराने रक्त कसदार होतं. धुराने रक्त लवकर गोठतं, एवढं त्यातलं खरं होतं. पंचाईत तीच झाली.

धूर रक्तात उतरून नळ्यांचं आतलं अस्तर खराब करत होता. आमच्या प्लेटलेट कायम बाह्या सरसावून बसलेल्या. मला बांधायला लागणारं फायब्रिनोजेनही गरजेपेक्षा वाढलेलं. तयारी जय्यत, फक्त जखम हवी होती. ती बाहेर आहे की आत, हे आम्ही विचारत नाही.

मागच्या वर्षी बायकोने हट्टाने त्याचं रक्त तपासून घेतलं. फायब्रिनोजेन जास्त निघालं, अंगातली सूज सांगणारं सीआरपीही जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिगारेट बंद करा, हे हृदयाला धोक्याचं आहे. काचवाल्याने त्यातलं 'जास्त' तेवढं उचललं आणि परीक्षेत पहिला आल्यासारखं दुकानभर सांगितलं.

"अहो, जास्त म्हणजे वाईट," बायको म्हणाली.

"रक्तातलं काही कमी झालेलं चांगलं, असं कधी ऐकलंयस का?"

ती रागारागाने डबा भरायला लागली.

आज सकाळी एका दुकानाच्या दाराची काच उचलायची होती. त्याने आधी सिगारेट संपवली आणि मग हात लावला. तेवढ्यात हृदयाच्या नळीत साचलेल्या चरबीच्या थराला बारीकशी चीर गेली. बोलावणं आलं. आम्ही नेहमीसारखे धावलो, नेहमीपेक्षा लवकर पोहोचलो, आणि मी तयार झाले. काम चोख झालं. फक्त नळी अरुंद होती, त्यामुळे चिरेबरोबर रस्ताही बुजला.

त्याने आधी काच नीट भिंतीला टेकवली आणि मग तो खाली बसला. मेहुण्याने त्याला गाडीत घालून इथे आणलं. मागोमाग बायको आली. तिच्या हाताला अजून भांड्यांचा साबण होता.

आता डॉक्टर सांगतायत की रस्ता मोकळा होतोय, पण रक्त न मिळाल्याने हृदयाचा थोडा भाग मेला.

"भरून येईल ना?" काचवाल्याने विचारलं. "माझं लवकर भरतं."

"बोटाचं भरतं. हे नाही भरत."

त्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मला त्याचं वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही त्याच्या कौतुकाचा विषय होतो.

मी आता जवळजवळ संपलेय. पण माझ्या बहिणी याच रक्तात तयार बसल्यात, आणि त्या माझ्याइतक्याच कामसू आहेत. धूर थांबला तर काही आठवड्यांत त्या निवायला लागतात. बायको त्याला एवढंच विचारतेय, "सोडाल ना?"

त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. लवकर द्या हो. आम्हाला थांबायची सवय नाही.