कारणाचा रकाना

खिडकीच्या आत बसणाऱ्यांनो, सिद्धेश्वरीच्या घरात भांडण तुम्ही लावलंत. तुमचा कागद पुढं सरकेपर्यंत त्या नवरा-बायकोत एवढा मोठा आवाज कधी निघाला नव्हता.

"एक तर नवऱ्याची अपंगाची पेन्शन, नाही तर तुमची नोकरी," खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले. "तुमचा पगार कागदावर आला की कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातं."

"पगारात त्यांची औषधं बी भागत न्हाईत की."

"मर्यादा मी ठरवली का, बाई?" त्यांनी आवाज खाली घेतला. "बायको सोडून गेली, नवरा एकटा राहतो, असं लिहून आणा. लई जण करतात."

"सोडून गेले असते तर हितं रांगेत कशाला उभारले असते?"

भाऊसाहेबांनी पुढच्याला हाक मारली.

सिद्धेश्वरी अकरा वर्षं टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते. तिथं प्रत्येक बाई आपला गठ्ठा आपल्या रंगाच्या दोऱ्यानं बांधते आणि संध्याकाळी दोरा बघून मोजणी होते. तिचा दोरा पिवळा. पण वहीत पिवळ्या दोऱ्यापुढं नाव आहे शरणम्माचं, म्हणजे तिच्या सासूचं. सासूचे हात थकले तेव्हा सून तिच्या मशीनवर बसली, नाव कुणी बदललं नाही. शरणम्माला जाऊन चार वर्षं झाली, तरी ती रोज टॉवेल शिवते. मालकाला ते सोयीचं होतं. पेन्शन सुरू झाल्यापासून घरालाही होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

नवरा मल्लिनाथ होटगीकडं ठेकेदाराच्या हाताखाली विजेच्या तारा ओढायचा. खांबावरून पडला. कमरेखाली काही उरलं नाही. ठेकेदाराच्या वहीत त्याचं नाव नव्हतंच, म्हणून भरपाईही नाही.

आता कारखान्याला परदेशाची मोठी ऑर्डर मिळाली, तिथले लोक हजेरीची वही तपासणार, म्हणून सुपरवायझर गुरुशांत सांगून गेला, "वैनी, एक तारखेपासनं तुमच्या नावानं. दवाखान्याचं कार्ड मिळतंय, दादालाबी चालतंय. जमत नसंल तर मशीन दुसरीला देतो. मेलेल्या बाईला आता हजेरीवर ठिवता येत न्हाई."

त्या दिवशी खिडकीवरून घरी आल्यावर तिनं सगळं सांगितलं. मल्लिनाथ खाटेवर पडल्या पडल्या छताकडं बघत होता.

"बंद करून टाक माझी पेन्शन."

"आन् सा म्हैन्यात ऑर्डर सपली तर? पेन्शन चालू व्हायला दोन वर्षं लागली. किती खेपा घातल्या, तुमाला ठावं न्हाई."

"मग काय, माझ्या अव्वाच्याच नावानं शिवतीस? अव्वानं जित्तेपणी एवढी हजेरी लावली नव्हती."

ती हसली. तोही हसला. मग त्याचं हसू मावळलं.

"म्हैन्याला एकदा बँकेचा मेसेज येतोय," तो म्हणाला. "त्यात माझं नाव असतंय. बाकी कोण घेतंय माझं नाव?"

सिद्धेश्वरीनं पदरानं हात पुसले. अजून ओले असल्यासारखे पुन्हा पुसले.

"मंग ऱ्हाऊ द्या. मी सांगते गुरुशांतला, न्हाई जमत म्हणून."

उशाजवळचा तांब्या भिंतीवर आदळला. पाणी तिच्या पायापर्यंत आलं.

"अकरा वर्षं दुसरीच्या नावानं खपलीस! आता तुझ्या नावावर येतंय, तर माझ्यापायी सोडतीस?"

ती खाली बसली आणि फडक्यानं पाणी टिपत राहिली. मग त्यानंच विचारलं, "हापिसात माझी सही लागंल का?"

अपंगांच्या पेन्शनची खिडकी पहिल्या मजल्यावर आहे. पुन्हा वाचा. पहिल्या मजल्यावर. गुरुशांत आणि रिक्षावाल्यानं त्याला प्लास्टिकच्या खुर्चीसकट वर नेलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली, तेव्हा मल्लिनाथ म्हणाला, "सावकाश, लेका. ह्या टायमाला धरायला ताराबी न्हाईत."

सिद्धेश्वरीनं त्याचे सगळे कागद पिवळ्या दोऱ्यानं बांधून आणले होते. खिडकी उभ्या माणसासाठी बांधलेली, त्यामुळं खुर्चीतला मल्लिनाथ भाऊसाहेबांना दिसतच नव्हता. त्यांनी फॉर्म खाली सोडला. पेन्शन बंद करण्याचं कारण, आणि पुढं छापलेले तीन रकाने: मयत. गाव सोडले. अपंगत्व उरले नाही.

"तिसऱ्यावर खूण करा, सही करा," आतून आवाज आला. "विषय संपला."

"बायको कामाला लागली, त्याचा रकाना कुटं हाय?"

"तो नसतो. नुसती पद्धत असते हो ही. करा खूण."

"आज बरा झालो म्हणून लिहितो. उद्या तिचं काम गेलं आन् परत आलो, तर तुमीच ह्यो कागद दावणार. बरा झाला हुता की ह्यो, म्हणणार."

मागं रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आटपा की, आप्पा."

सिद्धेश्वरीनं पेन काढून नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानं ते मांडीवर ठेवलं आणि फॉर्म धरलेला हात वर केला. भाऊसाहेबांना खिडकीतून तेवढाच दिसला असणार, एक हात आणि एक कोरा फॉर्म.

"साहेब, मेलो न्हाई. गाव सोडलं न्हाई. बरा झालो न्हाई. मंग ह्यातला मी कुटला? तेवढं तुमच्या हातानं लिहून द्या, मी सही करतो. सांगा की, कुटला?"